सभा या वेळी गच्चीवर नको

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, डोंबिवली पूर्व

सप्रेम नमस्कार.

सोसायटीचं नाव वर घातलेलं नाही, ते विसरून नव्हे. तळमजला अधिक तीन किंवा चार मजले, लिफ्ट नाही, बांधकाम १९८०-९०च्या दशकातलं, अशा इमारती आपल्या भागात गल्लोगल्ली आहेत. त्यांतल्या कितीतरी "आता रिडेव्हलपमेंटला जायचंच आहे" या एका वाक्यावर वर्षानुवर्षं तग धरून आहेत. कुठलंही नाव घातलं तरी पत्र पोचेल. ज्यांना आपलं वाटेल त्यांनी आपलं समजावं.

आपल्या जिन्यात म्हातारी माणसं पडू नयेत, या विषयावर मी तीन अर्ज दिले. तिन्हींच्या प्रतींवर पोच म्हणून सही-शिक्का आहे. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याचं उत्तर जिन्यात तोंडी मिळालं, "वहिनी, वय झालं की माणूस पडायचंच." तिसऱ्यानंतर नोटीस बोर्डावर कागद लागला, की ज्येष्ठ नागरिकांनी जिन्यावरून ये-जा करताना काळजी घ्यावी व घरच्यांनी त्यांच्याकडे लक्ष द्यावे, हुकुमावरून. म्हणून हा चौथा अर्ज उघड लिहिते आहे. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावीच लागते, तिच्याआधी सगळ्यांनी तो वाचावा.

आमच्या सासूबाईंना तुम्ही सगळे ओळखता. १९८६ साली इमारतीचा ताबा मिळाला तेव्हा पहिल्या आठवड्यात राहायला आलेल्या तीन कुटुंबांत त्या होत्या. शेअर सर्टिफिकेट त्यांच्या नावावर आहे, म्हणजे सभासद त्या, मी नव्हे. आता वय ८१. गेल्या वर्षीच्या श्रावणापर्यंत दुसऱ्या मजल्यावरून रोज संध्याकाळी खाली उतरायच्या, शंकराच्या देवळात जायच्या, येताना आवारातल्या बाकावर बसायच्या आणि दिवेलागणीनंतर वर यायच्या. जाऊन-येऊन दोन तास. ते दोन तास त्यांचे होते.

श्रावणातल्या एका सोमवारी सव्वासातच्या सुमाराला त्या वर येत होत्या. पहिल्या मजल्याच्या पुढचा टप्पा, त्यातली सहावी पायरी. दिवा गेला. लाइट गेली नव्हती, फक्त जिन्यातला दिवा गेला. हाताला कठडा लागेना, कारण कठडा डाव्या बाजूला आहे आणि आईंच्या डाव्या हातात देवळातून आणलेल्या प्रसादाची पिशवी होती. उजवीकडे नुसती भिंत. त्या खाली बसल्यासारख्या पडल्या, दोन पायऱ्या घसरल्या, उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं.

आवाज ऐकून तिघं जण धावत आले, हे मी कधी विसरणार नाही. पण धावत आल्यावर त्यांनी काय केलं तेही सांगायला हवं. दोघांनी दोन्ही हातांना धरून आईंना उभं केलं. त्यातला एक हात मोडलेला होता.

प्लास्टर निघेपर्यंत मी नुसती चिडचिड केली. मग एका रविवारी मोबाइल आणि शिवणाची टेप घेऊन जिन्यात बसले आणि मोजमाप केलं. वीज वाचावी म्हणून आपण दोन वर्षांपूर्वी जिन्यात सेन्सरचे दिवे बसवले. हालचाल दिसली की दिवा लागतो, हालचाल थांबली की काही सेकंदांनी विझतो. आपल्याकडे तो वीस सेकंदांनी विझतो. आई पडण्याच्या आधी नऊ पायऱ्यांचा एक टप्पा चढायला सुमारे पन्नास सेकंद घ्यायच्या. मी दुधाची पिशवी घेऊन तेरा सेकंदांत चढते, आणि दिवे बसवायला आलेला मुलगा तर दोन-दोन पायऱ्या घेत गेला असेल. सेन्सरचा डोळा वळणावरच्या छताला आहे, त्याला वळण दिसतं, मधली पायरी दिसत नाही. म्हणजे सावकाश चढणाऱ्या माणसाला प्रत्येक टप्प्याच्या मधोमध अंधार, तोही एक पाय वर आणि एक पाय खाली असताना.

त्या पांढऱ्या डबीच्या बुडाशी तीन बारीक स्क्रू असतात. एक वेळेचा, एक उजेडाचा, एक पल्ल्याचा. वेळेचा स्क्रू छोट्या पेचकसाने थोडा फिरवला की वीस सेकंदांची तीन मिनिटं होतात. याला ना टेंडर लागत, ना ठराव.

मग शेवटची पायरी मोजली. आपल्या सगळ्या पायऱ्या सात इंचांच्या आहेत, म्हणजे साधारण १७८ मिलिमीटर. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या इमारतीच्या पायरीची उंची १९० मिलिमीटरच्या वर नको असं आहे. बिल्डरने नीट बांधलं होतं. पण आवारात पेव्हर ब्लॉक बसवताना जुन्या कोब्यावरच भर घातली, जमीन चार इंच वर आली आणि शेवटची पायरी उरली तीन इंचांची. पायांना सवय सात इंचांची, म्हणून जमीन आधीच येते आणि माणूस पुढे धडपडतो. तरुण माणूस शिवी हासडून पुढे जातो, म्हातारं माणूस कठडा शोधतं. तो तिथे नाही, कारण कठड्याची दांडी दोन पायऱ्या आधीच संपते. आईंच्या वयाच्या चौघीजणींना मी विचारलं. चौघींनी सांगितलं की शेवटी त्या भिंतीला हात लावून उतरतात. भिंतीवर त्या उंचीला तेलकट काळा पट्टा पडलाय तो हातांचा आहे. गेल्या दिवाळीत आपण त्यावर रंग मारला. आता पुन्हा पडलाय.

हे एवढं मोजून झाल्यावर "वय झालं की पडायचंच" हे वाक्य मला पटेनासं झालं. वय होतं, पाय थरथरतात, नजर मंदावते, हे खरंच. पण सहाव्या पायरीवर दिवा विझणं हे काही वयामुळे होत नाही.

आता माझी पाळी. आईंचं पहिलं पडणं मी तुमच्या खात्यात मांडते, पण दुसरं माझ्या खात्यात आहे, आणि ते पहिल्याहून मोठं आहे.

मनगट जुळलं, फिजिओथेरपी झाली, हात चालायला लागला. आई म्हणाल्या, "आता मी खाली जाते." मी नाही म्हटलं. मी सकाळची लोकल पकडून घाटकोपरला नोकरीला जाते, घरी यायला साडेसात होतात. यजमान पनवेलला. मुलगी बंगळूरला. दिवसभर घरात आई आणि दुपारी दोन तास येणाऱ्या मावशी. पहिल्या वेळी कॅनडातल्या दिरांनी घरच्या ग्रुपवर लिहिलं होतं, "तिला एकटीला खाली सोडलीच कशाला?" खाली सात जणांनी काळजीचे चेहरे टाकले. त्यातल्या एकाही चेहऱ्याने आईंना कधी जिना चढवून आणलेलं नाही, पण ते असो. इमारतीतही दोघी-तिघींनी मला हेच विचारलं, जरा गोड शब्दांत. हा प्रश्न आईंच्या मुलाला कोणी विचारला नाही. सुनेलाच विचारतात.

तेव्हा मी आईंना घरात ठेवलं. खाली जायचं नाही, स्टुलावर चढायचं नाही, ओट्याशी उभं राहायचं नाही, मावशी आल्याशिवाय आंघोळ नाही. दिरांच्या सांगण्यावरून हॉलमध्ये कॅमेरा बसवला. मग मी लोकलमध्ये उभी राहून फोनवर आमचा हॉल बघायची. खुर्चीत आई दिसल्या की बरं वाटायचं. एकदा मुंब्र्याच्या पुढे फोन उघडला तर खुर्ची रिकामी. पाच मिनिटं रिकामी, दहा मिनिटं रिकामी. घरी फोन लावला, कोणी उचलेना. ठाण्याला उतरून उलट गाडी पकडायच्या बेतात होते, तेवढ्यात आई फ्रेममध्ये आल्या. हातात वाटी. स्वयंपाकघरात जाऊन शेंगदाणे भाजून घेत होत्या. संध्याकाळी मी त्यांना त्या शेंगदाण्यांवरून बोलले. त्या काही म्हणाल्या नाहीत, पण वाटी माझ्यापुढे सरकवली नाही.

पाच महिने हे चाललं. रोज दोन वेळा ३८ पायऱ्या चढणारे-उतरणारे पाय पाच महिने हॉल ते संडास एवढंच चालले. जानेवारीत पहाटे लघवीला उठल्या आणि पलंग आणि दाराच्या मध्ये कोसळल्या. खुब्याचं हाड. जिथे जिना नव्हता, अंधारही फारसा नव्हता, आणि मी दहा फुटांवर झोपले होते.

ऑपरेशननंतर हाडांच्या डॉक्टरांनी आम्हाला जे समजावलं ते पहिल्या पडण्यानंतर कळलं असतं तर बरं झालं असतं. माणूस एकदा पडला की त्याला भीती बसते, आणि घरच्यांना त्याहून जास्त. भीतीपोटी हालचाल थांबते. हालचाल थांबली की मांड्यांची ताकद जाते, तोल जातो, आणि मग साध्या सपाट फरशीवर पडायला होतं. मी सुरक्षित ठेवते आहे असं समजून मी आईंचे पाय काढून घेत होते. या वयात खुबा मोडल्यावर दर पाच जणांतला साधारण एक जण वर्षभरात जातो. उरलेल्यांतले कितीतरी पूर्वीसारखे चालत नाहीत. आई वाचल्या. वॉकर घेऊन घरात चालतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल हाच क्रमांक. पासष्टीच्या पुढच्यांपैकी २८ ते ३५ टक्के लोक वर्षातून एकदा तरी पडतात. आपल्या ३२ बिऱ्हाडांत पासष्टीच्या पुढची माणसं मी मोजली तर २१ निघाली. म्हणजे यंदा आणखी सहा-सात जणांची पाळी आहे. नावं मी लिहीत नाही. तुम्ही स्वतः मोजताना समितीतली दोन नावंही त्यात धरा.

दुसऱ्या पडण्यानंतर घरात आम्ही काय बदललं ते लिहिते, कारण इमारतीतल्या इतरांनी मला जिन्यात थांबवून विचारलं आहे आणि सगळ्यांना एकेकटं सांगणं होत नाही.

सगळ्यात आधी गोळ्या. फिजिशियननी सगळ्या गोळ्या पिशवीत भरून आणायला सांगितल्या. सात निघाल्या, त्या तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या. मग आईंना झोपवून रक्तदाब घेतला आणि उभं करून तीन मिनिटांत पुन्हा घेतला. वरचा आकडा वीसपेक्षा जास्त खाली आला. पहाटे पलंगावरून झटकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत होती ती यामुळे. इतकी वर्षं रक्तदाब बसवूनच मोजला, उभं करून कोणी मोजलाच नव्हता. लघवीची गोळी संध्याकाळची सकाळी केली, झोपेची गोळी हळूहळू कमी केली. हे डॉक्टरांनीच करायचं, कोणी स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका. दुसरी गोष्ट, चष्मा. दूरचं आणि जवळचं एकाच काचेत असतं, खालचा भाग वाचायचा. पायऱ्या उतरताना नजर नेमकी त्या खालच्या भागातून जाते आणि पायरीची कड पुसट दिसते. चालण्यासाठी आता त्यांना नुसता दूरचा चष्मा वेगळा केलाय.

न्हाणीघरात संडासाशेजारी आणि नळाशेजारी भिंतीत स्टीलच्या दांड्या बसवल्या. टॉवेलची दांडी धरायला चालत नाही, ती भार घेत नाही, उपटून हातात येते. आंघोळीला पाटाऐवजी रबरी बुडाचं उंच स्टूल. दाराबाहेरचं पायपुसणं हलवलं. आतली कडी काढूनच टाकली. आत कोणी असेल तर दाराच्या मुठीवर टॉवेल टाकायचा, हा आमचा नवा कायदा. आधी आईंना हे फार लाजिरवाणं वाटलं. आता पाहुण्यांना त्याच समजावून सांगतात. आणि गंमत बघा, पलंगाखाली आम्ही सेन्सरचाच दिवा लावलाय. रात्री पाय खाली टेकला की जमिनीलगत उजेड पडतो आणि तीन मिनिटं राहतो. तेव्हा माझं भांडण सेन्सरशी नाही.

आणि व्यायाम. फिजिओथेरपिस्ट ताई आठवड्यातून दोनदा येतात, बाकी दिवस आई एकट्या करतात. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. एका पायापुढे दुसरा पाय सरळ रेषेत ठेवून उभं राहायचं, मागे मी. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २०१९ साली १०८ चाचण्या एकत्र तपासल्या. व्यायाम करणाऱ्या साठीपुढच्या माणसांचं पडणं सुमारे २३ टक्क्यांनी कमी भरलं. मार्चमध्ये आई खुर्चीतून हाताशिवाय एकदाही उठू शकत नव्हत्या. परवा सहा वेळा उठल्या आणि सातव्यांदा म्हणाल्या, "आता चहा कर."

कॅमेरा काढला. तो आई पडलेल्या दाखवू शकतो, पडू न देणं त्याच्या हातात नाही. त्याऐवजी शेजारच्या काकूंकडे एक किल्ली दिली आहे, आणि आई सकाळी अकराला आणि दुपारी चारला त्यांना भिंतीवर ठोकून खूण करतात. ठोकलं नाही तर काकू येऊन बघतात. काकूंचं स्वतःचं वय ७३ आहे. मला लोकलमध्ये आता बसायला जागा मिळाली की झोपही लागते, ती काकूंच्या जिवावर. ज्या घरात म्हातारं माणूस आहे तिथल्या बाईला "लक्ष ठेवा" सांगण्यापेक्षा असं एक दार उघडं ठेवलं तर तिचं ओझं निम्मं होतं. बारा तासांची बाई सगळ्यांना परवडत नाही. परवडली तरी ब्यूरोवाले दर महिन्याला नवीन पाठवतात, आणि आपले वॉचमन दर नवीन बाईला फाटकावर पाऊण तास उभी करतात, तेही जरा बघा.

घरातलं जे आमच्या हातात होतं ते झालं. पण आमचं घर दाराच्या उंबऱ्यापाशी संपतं आणि त्यापुढच्या ३८ पायऱ्या तुमच्याकडे आहेत. महाराष्ट्र सरकारने २०२२ पासून ७५ वर्षांच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास फुकट केला. आईंनी ते कार्ड हौसेने करून घेतलं होतं. एसटी फुकट आहे हो, पण ती दुसऱ्या मजल्यावर येत नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून पासष्टीच्या पुढच्या गरजूंना काठी, वॉकर, चष्म्यासाठी ३,००० रुपये मिळतात, १४५६७ वर ज्येष्ठांसाठी हेल्पलाइन आहे. वरून जे यायचं ते थोडंफार येतं. जिन्याच्या उजव्या भिंतीला दांडी लावायला मात्र मंत्रालयातून कोणी येणार नाही.

मला ती दांडी हवी आहे. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत, न तुटता, वळणावरही सलग, आणि शेवटच्या पायरीच्या पुढे हातभर. गोल पाइप, मुठीत मावेल असा. भिंतीपासून थोडा सुटा, म्हणजे बोटं मागे जातील. मी स्टेशनजवळच्या दोन फॅब्रिकेटर्सकडून दर आणले आहेत, सभेत ठेवते. फाटकावर आपण सोसायटीच्या नावाची जी चमचमती स्टीलची अक्षरं लावली, त्यांच्या खर्चाच्या निम्म्यात हे बसतं. अक्षरं छान आहेत. रात्रभर पेटलेली असतात, त्यांना सेन्सर नाही.

प्रत्येक पायरीच्या कडेला खरखरीत पिवळी पट्टी. शेवटची पायरी पेव्हर काढून पुन्हा सात इंचांची, किंवा उतार. जिना पुसायची वेळ सकाळी दहाची आहे, नेमकी म्हातारी माणसं भाजी आणायला बाहेर पडतात ती. फिनेलच्या पाण्याने ओला झालेला मोझेक काचेसारखा होतो. ते दुपारी दोनला करा, आणि सफाईवाल्या दादांना एक कोरडं फडकं जास्त द्या. पावसाळ्यात मागच्या पॅसेजमध्ये शेवाळ धरतं, त्याला वर्षातून एकदा नव्हे, दर पंधरा दिवसांनी ब्रश लागतो. पहिल्या मजल्यावरची चपलांची कपाटं आत घ्यायला सांगा. त्यांतलं एक समितीतल्याच घरचं आहे, म्हणून कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते.

आणि वॉचमनसकट आपण सगळ्यांनी एकदा तासभर बसून पडलेल्या माणसाला कसं उचलायचं ते शिकू या. आमच्या फिजिओथेरपिस्ट ताई फुकट शिकवायला तयार आहेत. थोडक्यात सांगायचं तर लगेच उचलायचं नाही. आधी बोलायचं, कुठे दुखतंय विचारायचं. एक पाय आखूड दिसत असेल, तळवा बाहेर वळला असेल तर अजिबात हलवायचं नाही, पांघरूण घालून १०८ला फोन करायचा. काही मोडलेलं नसेल तर त्याला कुशीवर वळू द्यायचं, गुडघ्यांवर येऊ द्यायचं, पुढ्यात भक्कम खुर्ची ठेवायची आणि त्याचं त्याला उठू द्यायचं. हात ओढायचा नाही.

आता पैशाचं. खजिनदार काका म्हणतील, पाडायच्या इमारतीवर खर्च कशाला. उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी म्हणून बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या बांधकामासाठीचा राखीव निधी, किमान ०.२५ टक्के आपण प्रत्येक जण इतकी वर्षं भरतो आहोत. तो बँकेत एफडीत आहे आणि ताळेबंदात छान दिसतो. रिडेव्हलपमेंटचा पहिला प्रस्ताव आला तेव्हा आई ७५ वर्षांच्या होत्या. तेव्हापासून दोन बिल्डर आले आणि गेले, तिसऱ्याशी एरियावरून घोळ चालू आहे. नवी इमारत होईल तेव्हा तिला दोन लिफ्ट असतील हे मी ब्रोशरवर पाहिलंय. मधल्या काळात या इमारतीत राहणाऱ्यांचं काय, एवढंच विचारते आहे. स्टीलची दांडी उद्या काढून भंगारात विकली तरी तिचे काही पैसे परत येतात. खुब्यात घातलेल्या स्टीलचे येत नाहीत. बाहेरून लिफ्ट बसवायचा विषय मी काढत नाही. त्याला पालिकेची परवानगी, स्ट्रक्चरल तपासणी आणि सगळ्यांची एकी लागते. पहिल्या दोन गोष्टी मिळतील.

एक कबुली द्यायची आहे. गेल्या रविवारी दुपारी, सगळे झोपले असताना, यजमानांनी स्टूल धरलं आणि मी आमच्या जिन्यातल्या चारही सेन्सरचे वेळेचे स्क्रू फिरवले. समितीची परवानगी घेतली नाही. जिन्यातला दिवा आता तीन मिनिटं राहतो. वीजबिल किती वाढलं ते पुढच्या महिन्यात सांगा, फरक मी भरते. त्याच दिवशी संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा चढताना मधल्या वळणावर थांबले, वर दिव्याकडे बघितलं, आणि मग दम खायला उभे राहिले. आधी ते तिथे दम खायला थांबत नसत. अंधाराच्या आत पोचायची घाई असायची.

शेवटचं. सभेची नोटीस काल लागली. स्थळ, इमारतीची गच्ची. वेळ सकाळी दहा. कोरम भरला नाही तर अर्ध्या तासाने तिथेच. गच्चीवर खुर्च्या मांडायला सोपं पडतं हे मलाही माहीत आहे. पण या सोसायटीच्या ३२ सभासदांपैकी कमीत कमी नऊ जण गेल्या दोन वर्षांत एकाही सभेला आलेले नाहीत, आणि इतिवृत्तात दरवर्षी "अनुपस्थित" लिहिताना कोणी विचारलं नाही की ते आले का नाहीत. जिन्याचा विषय ज्यांचा आहे त्यांनी आधी चार मजले चढून यायचं, मग जिन्यावर बोलायचं.

सभा खाली आवारात घ्या, बाकापाशी. आई येणार आहेत, त्यांना अध्यक्षांच्या परवानगीने विषय क्रमांक सातवर, म्हणजे जिन्यावर, बोलायचं आहे. दुसऱ्या मजल्यावरून त्यांना खुर्चीत बसवून उतरवावं लागेल. आपल्याकडची जी मुलं विसर्जनाला तिसऱ्या मजल्यावरचे गणपती "सावकाश, सावकाश" म्हणत उतरवतात त्यांना खुर्ची कशी धरायची ते ताईंनी दाखवलं आहे. चार जण लागतात. दोन आम्ही घरचे आहोत. उरलेले दोघं कोण ते शनिवारी रात्रीपर्यंत कळवा.

कळावे,
दुसऱ्या मजल्यावरची सून
(सभासद आहेत त्या आईंच्या संमतीने. पत्र त्यांना वाचून दाखवलं आहे. शेंगदाण्यांचा भाग काढ म्हणाल्या, मी ठेवला.)